मीठ नेमकं कोणाचं खाल्लं?

“मावशी, मी बोलतेय आणि आई टाइप करतेय. मला मराठी वाचता येतं, लिहायची मात्र बोंब. ओहायोतल्या एका डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, कॉलेजात बास्केटबॉल खेळते. दुसरं वर्ष, गार्ड, शिकते नर्सिंग. पहिल्या वर्षी गुडघ्याचं एसीएल लिगामेंट फाटलं, अख्खा सीझन गेला. तेव्हा आमची असिस्टंट कोच रोज पहाटे सहाला माझ्याबरोबर जिममध्ये असायची. यंदा परतले, तर हेड कोचने माझ्याच जागेसाठी ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, दोन सीनियर मुली आणलेल्या. मला मॅचमध्ये जेमतेम सहा-सात मिनिटं मिळतात. दुसरं एक कॉलेज मला घेईल आणि खेळवेलही, असं माझ्या जुन्या क्लब कोचकडून कळलंय. बाबा म्हणतात, खाल्ल्या मिठाला जाग, ती बास्केटबॉलवाली केटलिन क्लार्क बघ, चार वर्षं एकाच कॉलेजात राहिली. टीममधल्या मुली तर बहिणींसारख्या आहेत. पोर्टलमध्ये नाव टाकलं तर मी गद्दार ठरते का? – बेंचवरची”

बेंचवरच्या पोरी,

आधी आईला शाबासकी दे. बाबांचं वाक्य तिने गाळलं नाही, आणि स्वतःचं मत मध्ये घुसडलंही नाही. मला जमलं नसतं.

बाबांच्या क्लार्कचं बघू. ती मूळची आयोवाचीच, वेस्ट डी मॉइनची, आणि कॉलेजही आयोवाच. पहिल्याच वर्षी सरासरी गुणांत देशात अव्वल. चेंडू पहिल्या दिवसापासून तिच्या हातात होता. मग राहण्यात तिने सोडलं काय? ती राहिली ते उत्तमच, पण बेंचवर बसून नाही राहिली. आणि 2023 च्या कॉलेजांच्या राष्ट्रीय फायनलमध्ये तिच्या समोर लुइझियाना स्टेटकडून (एलएसयू) एंजल रीस होती, जी आदल्याच वर्षी मेरीलँडचं कॉलेज सोडून आली होती. एलएसयू 102-85 ने जिंकली. त्या टीमची कोच किम मल्की हीसुद्धा 2021 मध्ये बेलर कॉलेज सोडून आलेली, तिथे तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून. कोच जाते तेव्हा आपण म्हणतो, नोकरी बदलली. एकोणीस वर्षांची मुलगी जाते तेव्हा मात्र मीठ आठवतं.

‘गद्दार’ हा शब्द इतका चिकटलाय, त्याला जुना नियमही कारणीभूत असणार. पूर्वी तुमच्या खेळात कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. म्हणजे जाणं हा गुन्हा आणि बसणं ही शिक्षा, असंच दिसायचं. 2021 पासून एकदा सूट मिळाली, आणि 2024 पासून अभ्यास धड असेल तर कितीही वेळा बदला आणि लगेच खेळा. तुझ्या हेड कोचने त्याच दारातून दोन मुली आत घेतल्या. मला त्यात चूक दिसत नाही, तिला मॅच जिंकायच्यात. पण तेच दार तुला बाहेर जायला वापरलं तर पाप कसं?

आता मीठ. बाबा म्हणतात ते खोटं नाही, फक्त त्यांनी मीठ चुकीच्या बरणीत शोधलंय. दुखापतीच्या वर्षात स्कॉलरशिप चालू राहिली, ते कॉलेजचे उपकार नव्हेत. वर्ष चालू असताना जखमी मुलीची मदत काढून घेता येत नाही, तसा नियमच आहे. पण पहाटे सहाला जिममध्ये येऊन तुझ्या गुडघ्याच्या डिग्र्या मोजणं कुठल्याच नियमात नसतं. तुझं देणं आहे ते त्या बाईचं. आणि तू आणखी दोन वर्षं बेंचवर बसल्याने ते फिटणार नाही.

मी विचार करत बसले ते नर्सिंगपाशी, ज्याबद्दल तू दोनच शब्द लिहिलेस. घोडं पेंड खाणार ते तिथेच. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ठरावीक टक्के अभ्यास पूर्ण असावा लागतो, नाहीतर खेळता येत नाही. तो हिशेब नव्या कॉलेजच्या पदवीप्रमाणे होतो. नर्सिंगवाले तर बऱ्याच ठिकाणी मधल्या वर्षात बाहेरची मुलगी घेतच नाहीत, आणि हॉस्पिटलमधल्या क्लिनिकलचा क्रम प्रत्येकाचा निराळा. तीस मिनिटं खेळायला मिळावीत म्हणून ‘जनरल स्टडीज’ घेऊन बसलीस, तर मी बाबांच्या बाजूने उभी राहीन.

दुसरं म्हणजे, ‘घेईल असं कळलंय’ हे स्थळाच्या मध्यस्थाचं बोलणं झालं. पोर्टलमध्ये नाव जाण्याआधी त्या कॉलेजला तुझ्याशी थेट बोलता येत नाही, हे खरं. पण नाव टाकलंस की आत्ताचं कॉलेज टर्म संपताच तुझी स्कॉलरशिप थांबवू शकतं आणि परत घ्यायला बांधील नसतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलेल्या मुली दर वर्षी त्या यादीत अडकून राहतात. म्हणून एकाच निरोपावर उडी मारू नकोस. तुझ्या जागेवर त्यांच्याकडे पुढच्या वर्षी कोण उरतंय, ते त्यांचा रोस्टर, म्हणजे टीमची यादी, उघडून स्वतः बघ.

मला विचारशील तर, नर्सिंग तिथे चालू राहत असेल आणि रोस्टरमध्ये जागा दिसत असेल, तर जा. नसेल तर यंदा थांब. ते थांबणं नर्सिंगसाठी आहे, हेही बाबांना सांग, नाहीतर ते मिठाच्या खात्यात जमा करतील.

जाणार असशील तर पोर्टलमध्ये नाव टाकायला कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (नियम बघणाऱ्यांना) मेल जाण्याआधी असिस्टंट कोचला भेट. समोर बसून, फोनवर नाही. रडू आलं तर येऊ दे. मग हेड कोच, मग त्याच संध्याकाळी मुली. त्यांना ही बातमी इन्स्टाग्रामवरून कळली, तर मात्र ‘गद्दार’ हा शब्द तुला लागू होईल. एखादी आठवडाभर बोलणार नाही, बहिणीही बोलत नाहीत.

सोमवारी त्या कॉलेजच्या वेबसाइटवर नर्सिंगवाले बाहेरून मुली घेतात का ते शोध, आणि काय सापडलं ते मला कळव. या वेळी टाइप तू कर. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी चालेल, माझंही चुकतं.

– मावशी