कुडूसाठी कुठली रायफल?

प्रश्न : माझा मुलगा नामिबियात युरेनियमच्या खाणीत इंजिनिअर आहे. तिथल्या एका शेतमालकानं त्याला रीतसर परवान्यानं कुडूच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला बोलावलंय. मित्र म्हणतात, .३७५ मॅग्नमशिवाय जाऊ नकोस. आमच्या घरी आजोबांची .३७५ रायफल आणि थोडी काडतुसं पेटीत पडून आहेत. ती त्याला नेता येईल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली, आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. नामिबियात कायदा वेगळा आहे. मुलगा जाणारच असेल, तर जनावराचे हाल होऊ नयेत एवढ्यासाठी सविस्तर लिहितो.

तुम्ही नान्नजच्या माळावर काळवीट पाहिलं असेल. तो नर चाळीस किलोच्या आसपास भरतो. कुडूचा नर दोनशे ते अडीचशे किलोंचा, म्हणजे पाच-सहा काळविटांएवढा. जनावर मोठं खरं, पण अंगानं ते हरणासारखंच, रानरेडा नव्हे. नामिबियाच्या कायद्यानं नळीतून सुटताना गोळीत किमान किती जोर हवा ते ठरवून दिलंय : स्प्रिंगबॉक या छोट्या हरणाला १३५० ज्यूल, कुडूला २७००, रानरेडा-हत्तीला ५४००. साधी .३०-०६ रायफल १८० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीला साडेतीन हजारांच्या वर ज्यूल देते. कुडूला ती भरपूर झाली.

.३७५ मॅग्नम लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक-कंपनीनं १९१२ मध्ये काढली. ३०० ग्रेनची गोळी, सेकंदाला अडीच हजार फुटांच्या आसपास वेग. रानरेड्यासमोर उभं राहायचं तर तीच हवी. पण तिचा धक्का .३०-०६ च्या जवळजवळ दुप्पट बसतो. नवखा माणूस दोन-चार बार काढतो आणि मग घोडा दाबायच्या आधीच त्याचा खांदा आक्रसतो, डोळे मिटतात. गोळी छातीऐवजी पोटात जाते आणि जनावर काटेरी झुडपांत शिरून तासन्‌तास तडफडतं. हे मला सहन होत नाही, म्हणून मित्रांचा सल्ला मानू नका असं स्पष्ट सांगतो.

रायफलीपेक्षा गोळीकडे जास्त लक्ष द्या. टोकाशी मऊ शिसं असलेली, आतलं शिसं तांब्याच्या कवचाला पक्कं जोडलेली सॉफ्ट पॉइंट घ्यावी. ती आत जाऊन फुलते, पण तिचे तुकडे होत नाहीत. संपूर्ण टणक 'सॉलिड' गोळी हत्तीसाठी. कुडूच्या ती आरपार जाईल. जनावर आडवं उभं असेल तेव्हाच बार काढायचा. पुढच्या पायाच्या रेषेत वर यायचं आणि छातीच्या खालच्या एक-तृतीयांशावर नेम धरायचा. आफ्रिकेतल्या या जनावरांचं काळीज आपल्याला वाटतं त्यापेक्षा खाली आणि पुढे असतं.

रायफल तिथेच भाड्यानं घ्यावी. शंभर मीटरवर लक्ष्यावर जमवून घ्यावी आणि मग टेबलावर टेकवून नव्हे, तर तीन पायांच्या काठ्यांवर ठेवून उभ्यानं सराव करावा. तिथे बार तसाच काढावा लागतो.

आता आजोबांची रायफल. परवाना त्यांच्या नावावर होता. ते गेल्यावर ती नुसती पेटीत ठेवणंही कायद्यात बसत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा करा, पावती घ्या आणि वारस म्हणून परवान्याचा अर्ज करा. परदेशी नेण्याचा विचार सोडा.

त्या काडतुसांनी बार काढू नका. .३७५ नावाची काडतुसं एकाच प्रकारची नसतात. पितळेच्या बुडाशी बघा : मॅग्नमला खाचेच्या लगेच पुढे उठावदार पट्टा असतो, दुनळीसाठी काढलेल्या 'फ्लँज्ड'ला पट्ट्याऐवजी बाहेर आलेली कड. एकाचं काडतूस दुसऱ्याच्या रायफलीला चालत नाही. शिवाय इतक्या वर्षांत पितळेवर हिरवट कळंक चढतो, मानेला बारीक तडे जातात, टोपीतली दारू दगा देते. ती घासूनपुसून लख्ख करायलाही जाऊ नका, कचऱ्यात तर मुळीच टाकू नका. रायफलीबरोबरच जमा करा आणि पावतीवर काडतुसांचा आकडा लिहून घ्या.