कोळशाच्या ट्रान्सफर च्यूटचं (एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर माल सोडणाऱ्या घसरणीचं) एमएस लायनर, म्हणजे साध्या पोलादाचं आतलं अस्तर, सतत झिजतं. त्याजागी हार्डॉक्स (झीज सोसणारी कठीण पोलादी प्लेट) लावावं का? फॅब्रिकेशन करताना काय बघावं?

हो, लावाच. साध्या आयएस २०६२ (एमएस) प्लेटची कठीणता साधारण १२० ते १५० ब्रिनेल (कठीणतेचं माप), हार्डॉक्स ४५० ची ४५० च्या आसपास. वणी-चंद्रपूरकडच्या खाणींत प्लेट खातो तो नुसता कोळसा नव्हे, तर त्याच्यासोबत येणारा दगड आणि वाळू.

पण महागडी प्लेट वर्कशॉपमध्येच वाया जाऊ शकते. तिची कठीणता क्वेंचिंगमधून, म्हणजे तापवून झटकन थंड करण्यातून, आलेली असते. २५० अंश सेल्सिअसच्या वर तापली की ती उतरू लागते. गॅस कटरने अरुंद पट्ट्या कापल्या तर अख्खी पट्टी मऊ पडते. पातळ प्लेटला प्लाझ्मा किंवा वॉटरजेटच बरा.

वेल्डिंगला ७०१८ रॉड (कमी हायड्रोजनचा वेल्डिंग रॉड), तोही ओव्हनमध्ये भाजलेला. दमट रॉडमधून हायड्रोजन शिरतो आणि तडा काही तासांनी, कधी दोन दिवसांनी दिसतो. त्यामुळे डाय पेनिट्रंट चाचणी (रंगीत द्रव लावून तडे शोधणं) त्याच संध्याकाळी उरकू नका. जाड प्लेटला प्रीहीट (वेल्डिंगआधी तापवणं) लागतो, किती ते उत्पादकाच्या तक्त्यात बघा.

पूर्ण च्यूट हार्डॉक्सचा करू नका, उगाच खर्च. बॉडी एमएसची, आत लायनर काउंटरसंक बोल्टने (डोकं प्लेटच्या पृष्ठभागात बुडणाऱ्या बोल्टने) बसवलेलं. तुकडे उचलता येतील एवढेच ठेवा: १० मिमी जाडीचा अर्धा मीटर चौरस तुकडा सुमारे २० किलो भरतो. अरुंद च्यूटमध्ये उभं राहून तो बदलणाऱ्या फिटरचा विचार ड्रॉइंग काढतानाच व्हायला हवा. उभे जोड एका रेषेत आणू नका, नाहीतर माल त्याच फटीतून धावतो आणि मागची बॉडी कापतो.