एक्सएमएल कॉलमवरची क्वेरी हाताने सोपी करावी लागते, की डेटाबेस आपोआप करतो?

‘आमचे सीनियर म्हणतात, डेटाबेस बघून घेतो’ हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचलं आणि हातातला चहा गार झाला. हेच वाक्य फोर्टातल्या एका ऑफिसात मी तीन वर्षं ऐकलंय.

नाही बघून घेत. निदान सगळं नाही.

आमच्याकडे विम्याचे दावे एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅगांत गुंडाळलेल्या मजकुरात, यायचे आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या एका कॉलमात जसेच्या तसे पडायचे. बॅच (सगळ्या दाव्यांचं एकगठ्ठा काम) रात्री साडेदहाला सुटायचा तो एकपर्यंत चालायचा, महिनाअखेरीला पहाटेपर्यंत. अडकला की फोन मला, डोंबिवलीला, कारण सरांचा मोबाइल रात्री सायलेंटवर. त्यांच्याकडे औषध एकच : रॅम. दोनदा वाढवली.

शेवटी मी एक्झिक्यूशन प्लॅनच, म्हणजे डेटाबेस क्वेरी कोणत्या पायऱ्यांनी चालवतो त्याचा नकाशा, प्रिंट केला. सात पानं, चिकटपट्टीने जोडलेली. घाटकोपरला चौथी सीट मिळाली तेव्हा मांडीवर पसरला. शेजारची म्हणाली, ‘‘नवीन फ्लॅट का गं? हॉल मोठा दिसतोय.’’

त्या नकाशात टॅगमधून काढलेल्या प्रत्येक व्हॅल्यूमागे यूडीएक्स नावाचा चौकोन, म्हणजे एक जादा पायरी, होता. आम्ही लिहिलं होतं (रक्कम)[१], म्हणजे पहिला रक्कम टॅग. (टॅग मराठीत लिहितेय, चालवून घ्या.) स्कीमा (कुठल्या टॅगमध्ये काय असेल याचा ठरलेला आराखडा) नसेल तर रक्कमच्या पोटात आणखी टॅग आहेत का, हे डेटाबेसला कळत नाही. म्हणून तो आतला सगळा मजकूर गोळा करून जोडत बसतो, प्रत्येक रकमेसाठी. (रक्कम/टेक्स्ट())[१] केलं, म्हणजे फक्त टॅगमधला थेट मजकूर मागितला, की चौकोन गायब. शिवाय बिलाच्या ओळीवरून दाव्याचा नंबर काढायला आम्ही ../../ करत वर चढत होतो. त्याऐवजी आधी दाव्यांवर नोड्स (टॅगांच्या वेगळ्या ओळी करून देणारं), मग क्रॉस अप्लाय करून, म्हणजे प्रत्येक दाव्यामागे, त्यांच्या ओळींवर नोड्स. वेअरमध्ये, म्हणजे अटीत, व्हॅल्यू काढून तुलना चालली होती, तिथे ‘आहे की नाही’ एवढंच बघणारं एक्झिस्ट. पूर्ण वाट माहीत असताना आळसाने टाकलेले // (‘सगळीकडे शोध’) काढले. बस. अडीच तासांचा बॅच अकरा मिनिटांत.

मीटिंगमध्ये सरांची स्लाइड : ‘रॅम अपग्रेडनंतरची सुधारणा’.

इंडेक्सचंही, म्हणजे लवकर शोधायला ठेवलेल्या सूचीचंही, विचारलंय. प्रायमरी एक्सएमएल इंडेक्सला टेबलावर क्लस्टर्ड प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, जिच्या क्रमाने ओळी साठवतात) लागते, आणि तो प्रत्येक टॅगची वेगळी ओळ करून ठेवतो, म्हणजे मूळ डेटापेक्षा इंडेक्सच लठ्ठ. रोज तेच दोन टॅग शोधत असाल तर डेटा आत घेतानाच ते साध्या कॉलमात काढा आणि साधा इंडेक्स लावा. क्वेरी वाकडी ठेवून वर इंडेक्स चढवणं मला पटत नाही.

आता एक गोष्ट, जी आधीच सांगायला हवी होती. टॅग रिकामा असेल तर पूर्वी रिकामी स्ट्रिंग मिळायची. टेक्स्ट() लावल्यावर नल मिळतो, म्हणजे ‘काहीच नाही’, आणि तो रिकाम्या स्ट्रिंगशी जुळत नाही. माझा बदल गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी शेरा नसलेले सगळे दावे रिपोर्टातून गळले, कारण पुढे कुणीतरी शेरा = '' अशी अट घातलेली होती. कुणीतरी म्हणजे मीच, वर्षभरापूर्वी. सरांना मी आठवत असेन तर त्या रिपोर्टावरून. अकरा मिनिटांवरून नाही.

आणि कॉलमाला स्कीमा बांधलेला असेल तर वरचं जसंच्या तसं उचलू नका. रक्कम हा साधा आकडा आहे हे डेटाबेसला तिथे आधीच माहीत असतं, तो जोडाजोड स्वतःच टाळतो, आणि टेक्स्ट() लिहिलंत तर उलट एरर देतो. तेवढ्यापुरते तुमचे सीनियर बरोबर आहेत. त्यांना सांगू नका.

हे सगळं एसक्यूएल सर्व्हरपुरतं. तुमची क्वेरी टाकली असतीत तर नेमकं बोलता आलं असतं. तोवर आजच्या प्लॅनचं प्रिंट काढा आणि वर तारीख घाला. रॅम यायच्या आधीची.