जिल्हा हिरवा, आभाळ स्वच्छ, तरी नाखवा नाही का म्हणाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यातल्या एका शनिवारी कोथरूडहून तुम्ही आठ जण, त्यात दोन लहान मुलं, ताम्हिणी उतरून मुरूडला गेलात. मुरूडसमोरचा समुद्रातला किल्ला, पद्मदुर्ग, बघायचा होता. वेधशाळेच्या नकाशात रायगड जिल्हा हिरवा, म्हणजे कुठलाही इशारा नसलेला, होता, आभाळात ढग नव्हता, वारा जेमतेम. तरी नाखव्याने होडी काढली नाही, जादा पैसे देतो म्हटल्यावरही नाही. चुकलं कोण, अंदाज की नाखवा? आणि हे पुण्यातून निघण्याआधीच कळलं असतं का?

चूक दोघांचीही नाही. तुम्ही जमिनीचा अंदाज बघून समुद्रावर गेलात. निघण्याआधी मात्र नक्की कळलं असतं, म्हणूनच जरा सविस्तर लिहितोय. गेली वीस-बावीस वर्षं मी पुण्यातून उत्तर कोकणातल्या जलदुर्गांवर माणसं घेऊन जातोय, आणि हा गोंधळ जवळपास प्रत्येक नव्या गटात होतो.

आपल्या पुणेकरांच्या डोक्यात हवामान म्हटलं की शिवाजीनगरची वेधशाळा येते. ते साहजिकच आहे. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं, म्हणून त्या चौकाला आजही सिमला ऑफिस म्हणतात. पण समुद्राची सूचना तिथून निघत नाही. महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यासाठी ती मुंबईच्या प्रादेशिक केंद्राकडून, कुलाब्याहून येते. लाटांचं भाकीत हैदराबादच्या इन्कॉइसकडून येतं, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून. तुम्ही पाहिलेला हिरवा रंग जिल्ह्याचा होता. तो प्रामुख्याने जमिनीवरच्या धोक्यांबद्दल बोलतो: जोरदार पाऊस, विजा, उष्णतेची लाट. 'मुसळधार' हा शब्दसुद्धा पर्जन्यमापकावर ठरतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर पाऊस झाला की मुसळधार, ११५.६ च्या पुढे अति मुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. यातला एकही आकडा होडीच्या कामाचा नाही. होडीला पावसाने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते वाऱ्याने आणि लाटेने.

आता त्या शनिवारचं. तारीख तुम्ही दिलेली नाही, पण मे महिना, निरभ्र आभाळ, मंद वारा आणि तरी नकार, एवढ्यावरून माझा अंदाज असा की त्या दिवशी स्वेल आलेला होता. स्वेल म्हणजे इथल्या वाऱ्याने न उठलेली, लांबून चालत आलेली लाट. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे समुद्र शांत असतो, तेव्हा विषुववृत्ताच्या खाली, दक्षिण हिंदी महासागरात, मोठी वादळं चालू असतात. तिथे उठलेल्या लाटा वादळ मागे टाकून उत्तरेकडे निघतात. वाटेत बारीकसारीक लाटा विरून जातात आणि लांब अंतराच्या तेवढ्या उरतात. दोन लाटांमध्ये सोळा सेकंदांचं अंतर असेल, तर त्या लाटांच्या तांड्याची ऊर्जा खोल पाण्यात ताशी साधारण ४५ किलोमीटरने सरकते, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटरच्या वर. सहा-सात हजार किलोमीटरचा प्रवास करून ती आपल्या किनाऱ्याला लागते तेव्हा मूळ वादळाला सहा-सात दिवस होऊन गेलेले असतात. मुरूडच्या आभाळात त्याची काहीच खूण दिसणार नाही. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, आणि मला तो शब्द फार अचूक वाटतो. मे २०२४ मध्ये असंच झालं होतं. ४ तारखेला सकाळी साडेअकरापासून ५ तारखेला रात्री साडेअकरापर्यंत किनाऱ्यावर उंच लाटांचा इशारा होता, आणि तेव्हाही मुंबईत कडक ऊन होतं.

भर समुद्रात हा स्वेल जाणवतसुद्धा नाही. होडी हळूच वर जाते, हळूच खाली येते. उथळ पाण्यात मात्र लाटेचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. पद्मदुर्गाला नीट बांधलेला धक्का नाही. होडी खडकाजवळ नेऊन, कोणीतरी हात देऊन, एकेकाला उतरवायचं. लाट फक्त एक मीटरची धरली तरी होडीची कड दर पंधरा-सोळा सेकंदांनी त्या खडकाच्या एक मीटर वर जाते आणि परत खाली येते. अशा वेळी लहान मुलाला उतरवायचं म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणून बघा. नाखव्याला पाणी ओलांडायची भीती नव्हती. त्याला उतरवायची आणि परत चढवायची काळजी होती. सकाळी मुरूडशेजारच्या एकदरा गावाच्या बाजूला खडकावर पाणी कसं फुटतंय ते बघून त्याने ठरवलं असणार.

हे मी अधिकाराने सांगतोय असं नाही, भोगून सांगतोय. एका फेब्रुवारीत आम्ही सहा जण याच किल्ल्यावर गेलो होतो. वाऱ्याचा तक्ता मी स्वतः काढला होता. त्यात वारा सकाळी वाढून बारापर्यंत उतरेल असं दिसत होतं, म्हणून आम्ही एक वाजता निघालो. तक्त्यातले बारा हे जागतिक वेळेचे बारा होते. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे वारा उतरणार होता संध्याकाळी साडेपाचला, आणि आम्ही ऐन जोरात पाण्यावर होतो. त्यात ओहोटी लागलेली. राजपुरीच्या खाडीतून बाहेर पडणारं पाणी आणि समोरून येणारा वायव्येचा वारा एकमेकांना भिडले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. परत चढताना माझ्या मित्राचा हात होडी आणि खडक यांच्यामध्ये सापडला. मनगट मोडलं. तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, शांत होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. त्या दिवसापासून तक्ता उघडला की मी आधी वेळ कुठली लिहिली आहे ते बघतो, कागदावर साडेपाच तास मिळवतो आणि मगच पुढे वाचतो. तुमच्या मोबाईलवरचं अॅप स्थानिक वेळ दाखवत असेल तर उत्तमच, पण एकदा तपासून घ्या.

मग निघण्याआधी काय बघायचं? माझी सवय सांगतो. बुधवारपासून मच्छिमारांसाठीची सूचना वाचायला घ्यायची. त्यात 'उत्तर महाराष्ट्र किनारा' असा उल्लेख असतो. ढोबळमानाने पालघर, ठाणे, मुंबई आणि रायगड हा त्याचा पट्टा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग दक्षिणेत. डहाणू, सातपाटी, अर्नाळा, अलिबाग, मुरूड हे सगळं एकाच ओळीत येतं, हे ध्यानात ठेवा. त्या ओळीत सोसाट्याचा वारा, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत असं काही आलं की विषय तिथेच संपवायचा, पुण्यात हॉटेलचं बुकिंग झालं असलं तरी. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० चा वारा ४० झाला तर रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. समुद्राच्या सूचनांत वेग कधीकधी नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, घाईत दुप्पट केलं तरी चालतं, चूक सुरक्षित बाजूलाच होते.

त्यानंतर इन्कॉइसचं लाटांचं भाकीत. तिथे तीन गोष्टी बघा: एकूण लाटेची उंची, स्वेलची उंची आणि स्वेलचा कालावधी, म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांमधलं अंतर, सेकंदांत. सगळे जण उंची बघून थांबतात. मी कालावधी आधी बघतो. सहा-सात सेकंदांच्या लाटा इथल्याच वाऱ्याच्या असतात, वारा पडला की त्याही निवतात. चौदा सेकंदांच्या वर गेलं की ते दुरून आलेलं आहे, सकाळी लवकर निघून त्यातून सुटका नाही. आणखी एक महत्त्वाचं: तिथे छापलेली उंची ही सगळ्यात मोठ्या लाटेची नसते. सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. दीड मीटर लिहिलं असेल तर दिवसभरात एखादी लाट तीन मीटरच्या घरात जाऊ शकते, आणि ती एकच पुरेशी असते.

वारा-लाटा दाखवणारी विंडीसारखी अॅप ट्रेकर मंडळी सर्रास वापरतात, मीही वापरतो. पण त्यातले रंग म्हणजे संगणकाच्या मॉडेलचं उत्तर, कोणी माणसाने बघून दिलेला इशारा नव्हे. आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत तयार झालेलं भारत फोरकास्ट सिस्टिम हे मॉडेल मे २०२५ पासून वापरात आलं, त्याची चौकट, म्हणजे नकाशाच्या ज्या तुकड्यासाठी ते एकच आकडा देतं तो, सहा किलोमीटरची आहे. आधीच्या बारा किलोमीटरपेक्षा ही फार मोठी झेप आहे आणि पुण्यात हे काम झालं याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तरीही सहा किलोमीटरच्या एका चौकटीत मुरूडचा किनारा आणि समोरचं पाणी दोन्ही मावू शकतं. किल्ल्याच्या कुठल्या अंगाला पाणी फुटतंय हे त्या चौकटीला दिसत नाही. ते नाखव्याला दिसतं.

भरतीसाठी पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकरा ते बारा. त्या दोन तिथींच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि खाडीच्या तोंडाशी ओढ वाढते. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाण्याचा चढउतार कमी. उत्तरेकडे खंभातच्या आखाताच्या दिशेने जावं तसा हा चढउतार वाढत जातो, म्हणून मुरूडचा अनुभव डहाणूला जसाच्या तसा लावू नका. मुलं बरोबर असतील तर मी भांगेचे दिवस धरतो आणि सकाळी लवकरची वेळ. दुपारनंतर खारा वारा जोर धरतो.

बंदरावर लावलेला धोक्याच्या इशाऱ्याचा बावटा हा शेवटचा शब्द. तीन नंबरचा बावटा लागला असेल तर कोणाला विचारायलाही जाऊ नका. इथे मला फयान चक्रीवादळ आठवल्याशिवाय राहत नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला ते अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्यावर आलं. नोव्हेंबर म्हणजे मासेमारीचा भर, कित्येक नौका खोल पाण्यात होत्या आणि वादळ दोन-तीन दिवसांत तयार होऊन येऊन गेलं. किनाऱ्यावरची अनेक घरं त्यात उघडी पडली. त्यानंतर ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, पार पुण्यातही झाडं पडली, पण मार्ग आधी कळला होता आणि किनाऱ्यावरची माणसं वेळेत हलवली गेली. अंदाज चुकतात असं सहज म्हणणाऱ्यांना मी या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवायला सांगतो.

तुमच्या पुढच्या फेरीबद्दल. मे टाळा. नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हा काळ बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये अरबस्तानाकडून येणाऱ्या शमाल वाऱ्यांमुळे वायव्येकडून स्वेल येतो, तोही अधूनमधून त्रास देतो. शुक्रवारी संध्याकाळी नाखव्याला फोन कराल तेव्हा 'होडी जाईल का' असं विचारू नका, त्याचं उत्तर बहुतेक वेळा हो असतं. 'उद्या खडकावर पोरांना उतरवता येईल का' असं विचारा. आणि त्याने पुन्हा नाही म्हटलं तर जंजिरा आहे. तिथे शिडाच्या होड्या राजपुरीतून खाडीच्या आडोशाने जातात, दरवाजा किनाऱ्याकडे तोंड करून आहे, त्यामुळे बाहेर थोडा स्वेल असला तरी तिथलं पाणी बरंच बरं असतं. तिथेही उतरायचं कधी, ते तांडेल सांगेल तेव्हाच, आणि मुलांना आधी मोठ्यांपैकी एक जण पायरीवर उभा राहिल्यावर.