खाऱ्या वाऱ्यात कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

थंडी सरली की किनाऱ्यावरच्या छायाचित्रणाबद्दल विचारणा वाढते. सारखेच असलेले प्रश्न एकत्र करून त्यांतले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : मार्चमध्ये वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला जाणार आहोत. माझ्याकडे साधा डीएसएलआर, त्यासोबत आलेली १८-५५ आणि एक ५५-२५० लेन्स आहे. वॉटरप्रूफ कव्हर घ्यावंच लागेल का? (पुणे)

नाही. पाण्यात उतरणार नसाल तर जाड, पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी पुरते. कॅमेरा लेन्ससकट सैल मावेल एवढी मोठी घ्या. तिच्या बंद बाजूला लेन्सच्या व्यासापेक्षा जरा लहान भोक पाडा, लेन्सचं तोंड आतून त्यात बसवा, पिशवीची कड लेन्सच्या पुढच्या टोकावर ओढून रबर बँड लावा आणि वरून हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाला आडोसा देणारं कडं, चढवा. रबर बँड झूमच्या किंवा फोकसच्या रिंगवर येऊ देऊ नका. पिशवीचं उघडं तोंड मागे आणि खाली राहू द्या, हात तिथून आत घाला. पिशवी सैल हवी याला कारण आहे. तुमच्या लेन्सची नळी झूम करताना पुढे येते आणि पिशवी ताणलेली असेल तर ती अडते. नळी पुढे येताना लेन्स बाहेरची हवाही आत ओढते, म्हणून किनाऱ्यावर उगाच मागेपुढे झूम करत बसू नये.

पुढे साधा यूव्ही किंवा प्रोटेक्टर फिल्टर, म्हणजे लेन्सला राखणारी सपाट काच, लावा. त्याचं माप लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला व्यासाच्या चिन्हाशेजारी मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं. एरवी आम्ही फिल्टरचा आग्रह धरत नाही, कारण समोरून उजेड आला की स्वस्त काचेमुळे चित्रात भुतासारखे ठिपके उमटतात. किनाऱ्यावर मात्र लावा. खराब झालेला फिल्टर बदलता येतो, लेन्सच्या पुढच्या भिंगाचं तसं नाही.

लेन्स खोलीवरच बसवून निघा आणि पुळणीवर बदलू नका. पिल्लं पाहताना दोरीमागे उभं राहावं लागतं, त्यामुळे दूरचं जवळ आणणारी ५५-२५०च कामाला येईल. बदलणं भागच असेल तर गाडीत, काचा वर करून, पंखा आणि एसी बंद ठेवून, कॅमेरा बंद करून आणि त्याचं तोंड खाली धरून बदला. शटरच्या पडद्यात वाळूचा एक कण अडकला तरी पडदा वाकू शकतो, आणि ती दुरुस्ती स्वस्त नसते.

वाऱ्याचाही विचार करा. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तेव्हा अंगावर तुषार कमी येतात. दुपारनंतर खारा वारा सुटला की लाटेपासून बरंच लांब उभं राहूनही काचेवर धुरकट थर बसतो. संध्याकाळी म्हणूनच दर पाच-दहा मिनिटांनी फिल्टर उजेडात धरून बघा.

बॅग वाळूवर ठेवू नका, पाठीवरच राहू द्या. पिल्लांच्या उंचीवरून फोटो घ्यायला गुडघे टेकलेत की हात वाळूला लागणारच, तेव्हा हातांसाठी वेगळा रुमाल ठेवा आणि तो लेन्सला लावू नका. सनस्क्रीन आणि डास पळवणारी मलमं आधीच लावून तळवे धुऊन घ्या. यांतली काही, विशेषतः डीईईटी हे डास पळवणारं रसायन असलेली, कॅमेऱ्याचं रबर आणि प्लॅस्टिक मऊ-चिकट करतात. फ्लॅश बंद ठेवाच, आणि मेनूत जाऊन फोकसला मदत करणारा छोटा दिवाही बंद करा. उजेडाने पिल्लांची दिशा चुकते.

प्रश्न : दुबईत रात्री बीचवर फोटो काढायला जातो. गाडीतून उतरलं की लेन्सवर धुकं धरतं, पुसलं की पुन्हा येतं. लेन्स खराब झाली आहे का? (दुबई)

लेन्स ठीक आहे, ती फक्त गार आहे. बाहेर ३४ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, २८ अंशांच्या आसपास येतो. एसीत २२ अंशांवर राहिलेली काच अशा हवेत नेली की तिच्यावर पाणी धरणारच, आणि काच तापेपर्यंत ते पुसण्यात अर्थ नाही. उलट बाहेरच्या हवेतलं मीठ त्या पाण्यात मिसळतं आणि कापडाने घासून तुम्ही ते काचभर पसरवता.

उपाय गाडीत बसण्याआधीच करायचा. कॅमेरा आणि लेन्स झिपलॉक पिशवीत घाला, हवा काढून पिशवी बंद करा आणि गाडीत एसीच्या झोतापासून दूर ठेवा. पोहोचल्यावर पिशवी न उघडता अर्धा तास बाहेर राहू द्या. मोठी, जड टेलिफोटो (दूरचं टिपणारी) लेन्स असेल तर पाऊण तास. पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरतं. घाई असेल तर शेवटची दहा मिनिटं एसी बंद करून काचा खाली करा. धुकं असताना लेन्स काढू नका, नाहीतर तेच पाणी आत चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर धरेल. ऑक्टोबरात मालवण-तारकर्लीच्या एसी खोलीतून बाहेर पडणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

प्रश्न : किनाऱ्यावरून परत आल्यावर कॅमेरा नेमका कसा साफ करावा? ओल्या कापडाने पुसला तर चालेल का? (नाशिक)

चालेल, पण ते तिसरं काम आहे. कॅमेऱ्याचं बरंचसं नुकसान किनाऱ्यावर न होता लॉजवर परतल्यावर होतं. एक तर कॅमेरा तसाच बॅगेत पडून राहतो, नाहीतर कोणीतरी तो शर्टाच्या टोकाने पुसतो.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. थेंब वाळला तरी ते मागे राहतात. शुद्ध मीठसुद्धा ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं. समुद्री मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असल्यामुळे ते त्याहून कमी आर्द्रतेतही ओलं राहतं. म्हणजे स्क्रूच्या खाचेत किंवा फ्लॅशच्या पट्टीत बसलेलं मीठ कोकणातल्या हवेत धड वाळतच नाही, आणि गंज धरत राहतो.

वाळूचा धोका वेगळा. तिच्यातला क्वार्ट्‌झ कठीणपणाच्या मोह्‌स मापावर ७ वर असतो, लेन्सची बहुतेक काच त्याहून मऊ. वाळू असताना कापड फिरवलंत की चरे पडलेच.

म्हणून आधी फुंकणी, म्हणजे रबरी ब्लोअर. लेन्स न काढता, बॅटरीचं आणि कार्डाचं दार बंद ठेवून, कॅमेरा तिरका धरून बटणं, डायल, दारांच्या फटी आणि झूम रिंगच्या कडेला हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. संगणकासाठी मिळणारी दाबाच्या हवेची डबीही नको. तिचा झोत कण आत ढकलतो, आणि डबी तिरकी झाली तर गार द्रव बाहेर पडतो. मग मऊ ब्रश, त्यानंतर गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं सुती कापड. बॉडी, लेन्सची नळी, ट्रायपॉडचा स्क्रू लागतो ती जागा, पट्ट्याच्या कड्या सगळं पुसा आणि कापड दर वेळी नव्या घडीने वापरा. मीठ पाण्यात विरघळतं, अल्कोहोलमध्ये जवळजवळ नाही. त्यामुळे अल्कोहोल असलेल्या लेन्स क्लीनरने काच लखलखीत दिसली तरी क्षार उरू शकतात. काचेवरही आधी फुंकणी, मग डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलावलेला लेन्स टिश्यू, शेवटी क्लीनर. थेंब टिश्यूवर टाकायचा, काचेवर थेट नाही, नाहीतर तो कडेने आत उतरतो.

त्यानंतर कोरड्या कापडाने पुसून कॅमेरा तासभर पंख्याखाली ठेवा. बॅटरीचं आणि कार्डाचं दार यानंतरच उघडा. गळ्यातला पट्टा मात्र त्याच रात्री बादलीत भिजवून धुवा, त्यात मीठ भरपूर साठतं. बॅगेचे कप्पे उलटे करून झटका. पुढच्या वेळी लेन्सवर येणारी वाळू बहुधा तिथलीच असते.

प्रश्न : 'वेदर सील्ड' कॅमेरा नळाखाली धुता येतो का? (कोल्हापूर)

नाही. अशा बॉडीत सांध्यांना रबरी पट्ट्या असतात, पण 'वेदर सील्ड' म्हणण्याला ठरलेलं माप नाही. उदाहरणार्थ, ओएम सिस्टिम कंपनीच्या ओएम-१ कॅमेऱ्याला आयपी५३ हा धूळ-पाण्यापासूनच्या बचावाचा दर्जा आहे. यातला ५ चा आकडा धुळीबद्दल आहे, ३ चा आकडा तिरक्या तुषारांबद्दल. नळाची धार त्यात बसत नाही. शिवाय लेन्सही सीलची हवी. कॅननच्या १७-४० एल सारख्या काही लेन्सचं सीलिंग तर पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं.

ऑलिंपस टफ टीजी-६ सारखे पाण्याखालचे, १५ मीटरपर्यंत चालणारे कॅमेरे धुवायचेच असतात. दारं बंद ठेवून गोड्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, पुसा, कोरडे झाल्यावर उघडा. पाण्यात नेण्याआधी दाराच्या सीलवर केस किंवा वाळूचा कण नाही ना ते बघा, कारण तेवढ्या फटीतूनही पाणी शिरतं.

प्रश्न : खिशातल्या छोट्या कॅमेऱ्याची लेन्स उघडताना करकर आवाज येतो आणि अर्ध्यावर थांबते. खिशात वाळू होती. घरी काही करता येईल? (रत्नागिरी)

पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. प्लॅस्टिकची बारीक दातेरी चाकं जोर लावतात आणि दात तुटतात. लेन्स बाहेर असतानाच बॅटरी काढा, लेन्स जमिनीकडे धरा आणि नळ्यांमधल्या फटींत सगळीकडून फुंकणी मारा. पातळ कागदाची कड फटीतून हलकेच फिरवली तर अडकलेले कण निघतात. मग बॅटरी घालून एकदाच चालू करा. तरी अडली तर दुरुस्तीवाल्याकडे द्या. तेल घालू नका, ते भिंगांवर पसरतं.

तुमच्या भागातल्या काळ्या वाळूत इल्मेनाइटसोबत मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं आणि ते चुंबकाला चिकटतं. स्पीकरमध्ये चुंबक असतो, म्हणूनच फोनच्या स्पीकरच्या जाळीवर ती धरून बसते. जाळीवर चिकटपट्टी हलकेच दाबून उचला. टाचणी नको.

प्रश्न : लाटेत कॅमेरा पूर्ण बुडाला तर? तांदळात ठेवावा का? (ठाणे)

तांदूळ भातासाठी ठेवा. त्याने मीठ निघत नाही, उलट त्याचं पीठ आत जातं. कॅमेरा बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, लेन्स वेगळी करा. पुन्हा चालू करून बघण्याचा मोह आवरा, कारण खाऱ्या पाण्यातून वीज गेली की सर्किटच्या तारा काही मिनिटांत खाल्ल्या जातात. ती बॅटरी परत चार्ज करू नका. कार्ड गोड्या पाण्यात विसळून दोन दिवस वाळवा, फोटो बहुधा वाचतात. बॉडी ओली असतानाच, दिवसभरात दुरुस्तीवाल्याकडे पोहोचवा आणि 'समुद्राचं पाणी' हे स्पष्ट सांगा. चार दिवस उन्हात वाळवून नेलेला कॅमेरा सहसा वाचत नाही. वॉरंटीत हे सहसा बसत नाही. विमा असेल तर पाण्याचं कलम वाचून घ्या.

प्रश्न : लाटेत ट्रायपॉड उभा केला तर तो हळूहळू खचतो. (अलिबाग)

परतणारी लाट पायाखालची वाळू नेते. उभा करताना वरून दाबून पाय चार-पाच इंच आत जाऊ द्या, दोन लाटा जाऊ द्या, मगच कॅमेरा चढवा आणि पट्टा मनगटाला ठेवा. पाय उघडताना सर्वांत खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे त्याचं लॉक पाण्याच्या वर राहतं. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्यात धुवा. फिरवून घट्ट होणारी लॉक असतील तर ती सुटी करून वाळू काढा, वाळवा आणि जरासं ग्रीस लावून बसवा.