वाचकांचे प्रश्न : लहानग्यांच्या कपड्यांसाठी बाटिक

प्रश्न : नात दोन वर्षांची आहे. तिच्यासाठी जावानी पद्धतीचं बाटिक घरीच करून झगा शिवायचा आहे. काय काय, किती लागेल? आणि चुकतं कुठे? (फोंडा)

बाटिक म्हणजे कापडावर मेणाने नक्षी झाकून मग रंगवणं, ही इंडोनेशियातल्या जावा बेटाची पद्धत. कापडापासून सुरुवात करा. दोन वर्षांच्या मुलीच्या झग्याला 44 इंच पन्ह्याचं एक मीटर कॅम्ब्रिक किंवा जाडसर मलमल पुरते. वजन साधारण 100 ग्रॅम धरा, पुढची सगळी मापं त्यावरच आहेत. कापड पूर्ण सुती हवं. टेरिकॉटवर हे रंग नीट चढत नाहीत. कोऱ्या कापडाला खळ असते, म्हणून चमचाभर धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून अर्धा तास उकळा आणि स्वच्छ खळबळा. यातच कापड आटूनही घेतं, नाहीतर शिवलेला झगा पहिल्याच धुण्यात तोकडा होतो. जावात यासाठी कापड तेल आणि भाताच्या पेंढ्याच्या राखेचं पाणी लावून पुनःपुन्हा मळतात, मग मोगरीने कुटून गुळगुळीत करतात. एवढी मेहनत घरी नको, पण खळ मात्र निघायलाच हवी.

झग्याचे भाग पेन्सिलीने आखा, पण कापू नका. मेण आणि रंग अख्ख्या कापडावर, कात्री शेवटी.

मेण 400 ग्रॅम पुरे : निम्मं मधमाश्यांचं, निम्मं पॅराफिन. नुसतं पॅराफिन ठिसूळ असतं, रंगाच्या भांड्यात कापड हलवलं की तडकतं आणि सुटून येतं. जावाचे कारागीर त्यात राळ आणि चरबीही घालतात. राळेमुळे मेण धरून राहतं, चरबीमुळे पुढे सहज सुटतं. मेण थेट आचेवर ठेवू नका. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. धूर दिसला तर मेण फार तापलंय, लगेच आच बंद करा. पेट घेतलाच तर झाकण टाका, पाणी कदापि नाही. या कामाच्या वेळी नात दुसऱ्या खोलीत असलेली बरी.

रेघा काढायच्या त्या चांटिंगने : बांबूची मूठ, पुढे तांब्याची इवलीशी वाटी आणि तिला बारीक नळी. वाटी निम्मीच भरा, नळीच्या खालचा थेंब दर वेळी पुसा आणि मगच कापडाला टेकवा. मेण बरोबर तापलं असेल तर रेघ उमटताच कापड पारदर्शक, ओलसर दिसतं आणि मागच्या बाजूलाही तीच रेघ दिसते. रेघ वर पांढरी, फुगीर बसली तर मेण थंड आहे आणि रंग तिच्या खालून शिरणार. पसरली तर फार गरम आहे. मागे रेघ फिकी वाटली तर कापड उलटून त्याच रेघेवरून पुन्हा मेण फिरवा. उत्तम जावानी बाटिकमध्ये हे दोन्ही बाजूंनी करतातच. मोठी जागा झाकायला केसांचा ब्रश घ्या, नायलॉनचा गरम मेणात वाकडा होतो. नको तिथे थेंब पडला तर तो पूर्ण निघत नाही, त्याचा ठिपका करून नक्षीत सामावून घ्या.

रंग थंड पाण्यात चढणारे रिॲक्टिव्ह (सुती तंतूशी रासायनिक जोड होणारे) घ्या, कारण गरम पाण्यात मेण सुटतं. 100 ग्रॅम कापडाला 2 लिटर पाणी, फिक्या छटेला 2 आणि गडदला 4 ग्रॅम रंग, 100 ग्रॅम मीठ, 20 ग्रॅम सोडा ॲश (धुण्याचा कोरडा सोडा). आधी रंग आणि मीठ विरघळवा, ओलं कापड बुडवून 20 मिनिटं हलवत राहा. मग कापड बाजूला काढून वेगळ्या पाण्यात विरघळवलेला सोडा ओता, कापड परत टाका आणि तासभर ठेवा. सोडा आधीच घातला तर रंग कापडाऐवजी पाण्याशीच जुळतो आणि वाया जातो. म्हणून उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी उपयोगाचं नाही. खायचा सोडा चालत नाही. मिठागरातलं जाडं मीठही इथे नको : त्यातल्या मॅग्नेशियम आणि कॅल्शियममुळे सोडा पडताच पाणी गढूळ होतं आणि रंग मंद येतो. बारीक शुद्ध मीठ घ्या. रंगाची पूड हाताळताना नाकाला फडकं आणि हातात मोजे हवेत. स्वयंपाकाची भांडी या पुडीपासून लांब ठेवा. गोव्याची हवा या रंगांना मानवते, वेगळी ऊब द्यावी लागत नाही. मात्र मेणाचं कापड उन्हात वाळत घालू नका. मेण मऊ पडून रेघ विस्कटते. आधी फिका रंग, त्यावर मेण, मग गडद. पिवळ्यावर निळा गेला की हिरवा होणार, हे आधीच ठरवून नक्षी आखा. रंग झाल्यावर मेण कसं काढायचं ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : बाटिकचं झबलं शिवून आणलं, पण ते ताठ लागतं आणि मेणाचा वास येतो. इस्त्री केली तरी जात नाही. (डिचोली)

इस्त्रीने जात नाहीच. इस्त्री मेण वितळवून कापडातच पसरवते. कागद टिपून घेईल तेवढं जातं, बाकी तंतूंत राहतं. आणि वर्तमानपत्र ठेवून इस्त्री केली तर शाई कापडाला लागते. मेण राहिलेलं कापड घामही शोषत नाही. आपल्या दमट हवेत असं झबलं बाळाला घालू नये.

मोठ्या पातेल्यात 5 लिटर पाणी उकळा, त्यात 10 ग्रॅम सोडा ॲश घाला. झबलं टाकून लाकडी काठीने वर-खाली करत राहा. पाच-सात मिनिटांत मेण वर तरंगू लागतं. इथेच घोटाळा होतो : कापड त्या तरंगत्या थरातून तसंच वर ओढलं की मेण परत चिकटतं. म्हणून आधी थर पळीने काढा, मग झबलं उचलून दुसऱ्या उकळत्या, साबणाच्या पाण्यात घाला, आणि शेवटी साध्या पाण्यात. रंग गडद असेल तर सोडा याहून जास्त घालू नका. मेणाचं पाणी मोरीत ओतलंत तर ते पाइपात गोठेल. रात्रभर राहू द्या, सकाळी वर मेणाची चकती मिळते, वाळवून पुन्हा वापरता येते. जावातही ते असंच परत कामाला घेतात.

खात्री सोपी आहे. वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. लगेच मुरला तर मेण गेलं. मोत्यासारखा उभा राहिला तर आणखी एकदा उकळा.

प्रश्न : हणजुण्याच्या बाजारात लहान मुलांचे बाटिकचे कपडे मिळतात. खरे कसे ओळखावेत? तान्ह्या बाळाला चालतील का? (म्हापसा)

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हाताने मेण लावलेल्या कापडाची उलटी बाजू सुलटीइतकीच स्पष्ट असते आणि कोणतेही दोन ठिपके हुबेहूब नसतात. तांब्याच्या ठशाचं असेल तर नक्षी ठराविक अंतरावर पुन्हा येते आणि सांध्यावर जरा सरकलेली दिसते. तेही खरं बाटिकच. आपल्याकडे कच्छमधलं मुंद्रा आणि उज्जैनजवळचं भैरूगढ इथेही मेणाच्या ठशांचं बाटिक होतं. छापील नकलेत मेणाचे ‘तडे’सुद्धा (मेण तडकून उमटणाऱ्या बारीक रेघा) छापलेले असतात : तोच तडा, तोच वळसा, दर फेरीत त्याच जागी. हा पुरावा मागच्या बाजूपेक्षा पक्का, कारण पातळ कापडावर छपाईही आरपार जाते.

बाळाला चालेल की नाही हे रंगावर ठरतं. बाळं कपड्याची कड तोंडात धरतात. ॲझो गटातल्या काही कृत्रिम रंगांतून अमाइन नावाची कर्करोगकारक रसायनं सुटतात, म्हणून भारतात 1997 पासून असे 112 रंग बंद आहेत. स्वस्त बाटिकमध्ये नॅफ्थॉल रंग सर्रास वापरतात आणि त्यातले काही या गटात मोडतात. विक्रेत्याला रंग कोणता ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर सहा महिन्यांखालच्या बाळासाठी घेऊच नका. ओला पांढरा रुमाल कडेवर घासून पाहा. रंग उतरला तर मोठ्या मुलांनाही नको. रुमाल कोरा राहिला म्हणजे रंग पक्का आहे एवढंच कळतं, रंग कोणत्या जातीचा ते कळत नाही. मला विचाराल तर खात्रीच्या रंगाची छापील नक्कल संशयास्पद खऱ्या बाटिकपेक्षा बाळासाठी चांगली.

प्रश्न : इंडोनेशियात लहान मुलांसाठी बाटिक कसं वापरतात? कोणती नक्षी निवडावी? (काणकोण)

तिथे बाळ आधी बाटिकच्या झोळीत वाढतं. खांद्यावरून तिरकं बांधलेलं लांब कापड आणि त्यावर बाळाच्या भाग्यासाठी शुभचिन्हं. 2 ऑक्टोबर 2009 रोजी युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकला वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा या झोळीचा उल्लेख आवर्जून केला होता. जावात बाळाचे पाय पहिल्यांदा जमिनीला लावण्याचा विधीही असतो, 35 दिवसांचे सात फेरे झाले की, म्हणजे 245व्या दिवसाच्या सुमारास.

लहान अंगाला मोठी नक्षी शोभत नाही, ती अर्धी शिवणीत जाते. परांग नावाच्या नक्षीचे तिरपे पट्टे तर टाळाच : चोळीच्या दोन भागांवर तिरकस जुळवताना कापड भरपूर वाया जातं आणि जुळलं नाही तर लगेच डोळ्यांत भरतं. जावातल्या पकालोंगान शहराच्या बाटिकमधली फुलं, पक्षी, फुलपाखरं मुलांना छान दिसतात. तिथल्याच चिरेबोन शहराचे निळ्या छटांचे ढगही. एखादं जुनं सारोंग (कमरेला गुंडाळायचं कापड) मिळालं तर आनंदाने वापरा. अनेक धुण्यांनी ते मऊ झालेलं असतं. त्याच्या एका भागात उभे त्रिकोण असतात, ते झग्याच्या समोर घ्या.

प्रश्न : झाडांच्या सालींचा तपकिरी रंग विहिरीच्या पाण्यात काळपट आला. का? (सांगे)

पाण्यातल्या लोहामुळे. सालीतलं टॅनिन लोहाशी मिळून काळं-करडं होतं आणि खाणपट्ट्यातल्या विहिरींत लोह असतंच. साठवलेलं पावसाचं पाणी घ्या, भांडं स्टीलचं, लोखंडाचं नको. जावाच्या तपकिरी रंगातलं एक झाड, पिवळ्या फुलांचा सोनमोहर, आपल्याकडे रस्त्याकडेला आहेच.

प्रश्न : बाटिकचे छोटे कपडे पावसाळ्यात पेटीत ठेवताना डांबरगोळ्या चालतील? (साखळी)

बाळाच्या कपड्यांत नाही. डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनने काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी6पीडी या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्यांना धोका फार. कपडे रिठ्याच्या पाण्यात धुवा (जावात बाटिक त्याच जातीच्या फळाने धुतात), सावलीत कडकडीत वाळवा आणि सुती फडक्यात वाळक्या कडुनिंबाच्या पाल्यासह गुंडाळा. पाऊस उघडला की दर पंधरवड्याने बाहेर काढून हवा द्या. गोळ्यांत ठेवलेले जुने कपडे असतील तर धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत वाऱ्यावर ठेवा, मगच बाळाला घाला.