ब्रॅम्प्टनमध्ये ट्रकचं लायसन्स: फी विचारण्याआधी

भाऊ, तुमचा प्रश्न असा की जेएनपीटीला दहा वर्षं ट्रेलर चालवलाय, आता कॅनडाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) आलाय, तर ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला उतरल्यावर सगळ्यात स्वस्तात ट्रकचं लायसन्स कुठे काढता येईल. मी इथेच राहतो, याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम निघण्याआधीचं. आरटीओकडून किती वर्षं लायसन्स आहे याचं पत्र सही-शिक्क्यानिशी घ्या. ऑन्टॅरिओत ट्रकच्या एझेडसाठी, म्हणजे एअर ब्रेकवाला मोठा ट्रेलर चालवायच्या लायसन्ससाठी, आधी कारचं पूर्ण ‘जी’ लायसन्स लागतं. अनुभव कागदावर दाखवता आला तर शिकाऊ लायसन्सपासून ‘जी’पर्यंत मधे थांबायची मुदत टळते, लेखी परीक्षेनंतर थेट ‘जी’ची रोड टेस्ट देता येते. नाहीतर नुसतं थांबण्यात घरभाडं किती जाईल त्याचा हिशेब करा. स्वस्ताई खरी इथेच आहे.

आता क्लास. १ जुलै २०१७ पासून इथे ‘मेल्ट’ सक्तीचं आहे, म्हणजे किमान १०३.५ तासांचं प्रशिक्षण. त्यातले ५० तास केबिनमधले. तुमच्या दहा वर्षांची यात सूट धरू नका. फी साधारण ५ ते १० हजार डॉलर. कुणी निम्म्यात करून देतो म्हणाला, तर एकच विचारा: ५० तासांत माझ्या हातात स्टिअरिंग किती तास? एका ट्रकमध्ये चौघं बसवायचे आणि आळीपाळीनं चालवायला द्यायचं, असले प्रकार सर्रास चालतात. नोंदणीकृत करिअर कॉलेज आहे ना, हेही तपासा; लेखी करार आणि पावती घ्या. रोखीत घेऊन पावती टाळणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर लायसन्सवर तसा शिक्का बसतो, मग मॅन्युअल चालवता येत नाही. गिअरवर तुमचा हात बसलेलाच आहे, मॅन्युअलवरच द्या.

सरकारी मदतही आहे. नोकरी गेलेल्यांसाठी ‘बेटर जॉब्स ऑन्टॅरिओ’ फी भरते. उतरल्या उतरल्या ती मिळेल असं धरून चालू नका. पण आधी वेअरहाउसमध्ये लागलात आणि तिथून कमी केलं, तर एम्प्लॉयमेंट ऑन्टॅरिओच्या (सरकारी रोजगार सेवेच्या) केंद्रात जाऊन विचारा. क्लास सुरू करण्याआधी, बरं का. काही कंपन्या स्वतःच शिकवतात, बदल्यात ठरावीक काळ तिथेच काम करायचं. करार मोडला तर किती भरावं लागेल, ते वाचूनच सही करा.

टेस्टमध्ये आपल्याकडची माणसं अडकतात ती गाडी निघण्याआधीच्या तपासणीत. परीक्षकासमोर एकेक भाग दाखवत इंग्रजीत बोलायचं असतं. इंजिन बंद, चावी चालू, ब्रेक दाबत एअर ब्रेकची हवा कमी करायची आणि दाब साधारण ५५-६० पीएसआयला आला की बझर वाजतो ते दाखवायचं. गेल्या दहा वर्षांत हे तोंडानं कधी बोललाच नसाल. यूट्यूब लावून आत्तापासून पाठ करा. आणि रिव्हर्सला मागून “येऊ द्या, येऊ द्या” म्हणणारा क्लीनर इथे नाही. ५३ फुटी ट्रेलर लावताना शंका आली की उतरायचं, मागे जाऊन बघायचं, परत चढायचं. दहादा उतरलात तरी कुणी हसत नाही.

हिवाळ्यातली बॅच मिळाली तर सोडू नका. बर्फात रिकामा ट्रेलर कसा सरकतो, ते मास्तर शेजारी असतानाच बघून घ्या.